सापळे कुणाचे होते?

‘मॅड ट्रॅपर’ची रील मला आत्तापर्यंत चौघांनी पाठवलीये. बर्फ, गंभीर संगीत, उणे चाळीस तापमान, एकटा माणूस आणि मागे कॅनडाचं घोडेस्वार पोलीस दल. खाली सगळे त्याला ‘लेजंड’ म्हणतायत. मला त्या शब्दाचीच चीड येते.

थोडक्यात घटना अशी. अल्बर्ट जॉन्सन नाव सांगणारा एक माणूस १९३१ च्या जुलैमध्ये उत्तर कॅनडातल्या फोर्ट मॅकफर्सनला आला आणि रॅट नदीकाठी झोपडी बांधून राहिला. डिसेंबरमध्ये पोलीस चौकशीला गेले, तो बोललाच नाही. ते वॉरंट घेऊन परत आले, तर त्याने बंद दारातून कॉन्स्टेबल किंगवर गोळी झाडली. मग डायनामाइटने झोपडी उडवली, तरी हा जिवंत. पुढे त्याने कॉन्स्टेबल एडगर मिलनला मारलं, भर हिवाळ्यात रिचर्डसन पर्वत ओलांडला. शेवटी विमान बोलवावं लागलं. १७ फेब्रुवारी १९३२ ला ईगल नदीवर तो मारला गेला. पर्वत ओलांडणं अचाट होतं, हे मान्य.

पण पोलीस मुळात गेले कशाला होते? कुणीतरी आमच्या सापळ्यांशी छेडछाड करतंय, अशी ग्विचिन लोकांची तक्रार होती. ते इथले मूळ रहिवासी. हिवाळ्यात सापळ्यात जनावर सापडलं तर फर, फर विकली तर पीठ, चहा, काडतुसं. मंदीच्या त्या वर्षांत बाहेरचे लोक फरसाठी उत्तरेकडे येत होते आणि प्रत्येक नवा माणूस कुणाच्या तरी वाटेवर सापळे लावत होता. तक्रार खरी होती का, हे कधीच सिद्ध झालं नाही. पण ती करण्याचा हक्क त्यांना होता, आणि रीलमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही.

१९८१ च्या ‘डेथ हंट’ सिनेमाने तर कमालच केली. सापळे गायब! त्याऐवजी चार्ल्स ब्रॉन्सनचा जॉन्सन झुंजीतल्या जखमी कुत्र्याला वाचवतो. कुत्रा वाचवणाऱ्याच्या विरोधात कोण जाईल? ली मार्विनचा मिलन मुरलेला, वयस्कर सार्जंट आहे आणि शेवटी तो जॉन्सनला जाऊ देतो. खरा मिलन साधा कॉन्स्टेबल होता आणि तो बर्फात मेला. ज्याने मारलं त्यालाच त्याच्याकडून माफी मिळवून दिली. सिनेमॅटिक लिबर्टी म्हणे!

‘पोलिसांची बाजू घेतोस का?’ असं मित्राने विचारलं. नाही. ‘माउंटी आपला माणूस पकडतोच’ ही फुशारकीही तितकीच पोकळ आहे. किंगला गोळी लागली तेव्हा त्याला स्लेजवर घालून अक्लाविकला आणणाऱ्यांत स्पेशल कॉन्स्टेबल लाझरस सिटिचिनली होता. ग्विचिन माणूस. सुमारे १३० किलोमीटर, साधारण वीस तासांत, त्याच थंडीत. स्पेशल कॉन्स्टेबल म्हणजे वाट दाखवायची, कुत्री हाकायची, दुभाष्या व्हायचं आणि हुद्द्यात सगळ्यात खाली राहायचं. जॉन्सन पर्वतापलीकडे पोचल्याचा सुगावाही स्थानिक शिकाऱ्यांमुळेच लागला.

२००७ मध्ये जॉन्सनचं थडगं उकरून डीएनए तपासला. तो नक्की कोण होता, हे शोधायला. काल पाचव्यांदा रील आली. पाठवणाऱ्याला मी एवढंच लिहिलं, ‘सापळे कुणाचे होते?’ त्याने आगीचा इमोजी पाठवला.