फेलोशिप केंद्राची, कसोटी विभागाची
पीएचडीनंतर संशोधनात टिकू पाहणाऱ्या विज्ञान व अभियांत्रिकीच्या तरुणांना राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपचा मोठा आधार आहे. २०२३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे ती आता आली आहे. मुदत दोन वर्षांची. वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३५, महिला व राखीव प्रवर्गांना सवलत. निधी केंद्राचा असला, तरी अर्ज विभागाच्या दारातूनच जातो. यजमान संस्थेची संमती आणि नियमित पदावरील मार्गदर्शक, दोन्ही अनिवार्य.

गोवा विद्यापीठासारख्या लहान संस्थेची कसोटी येथेच लागते. कंत्राटी प्राध्यापक कितीही व्यासंगी असला, तरी त्याला मार्गदर्शक होता येत नाही. म्हणजेच नियमित पद रिक्त ठेवून वाचवलेला पैसा बाहेरून येऊ शकणारा निधीही अडवतो. शिवाय सागरी विषयाच्या उमेदवाराला दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जवळच खुणावत असते.

विभागांनी मार्गदर्शक, संशोधनविषय आणि उपलब्ध उपकरणे यांची माहिती अर्ज मागवले जाण्यापूर्वीच जाहीर करावी. सरकारने पदे भरावीत. पस्तिशीकडे झुकलेला संशोधक भरतीच्या फायलीसाठी थांबू शकत नाही. तो दुसऱ्या राज्याची वाट धरतो.