दुखतं म्हणून उपचार सोडू नका

ऑक्टोबरची छाटणी झाली की वणी-दिंडोरीच्या द्राक्षबागांत विरळणी, डिपिंगची कामं सुरू होतात. मंडपाखाली दिवसभर मान वर आणि हातही वर. संध्याकाळी आमच्याकडे येणाऱ्या बाया मान धरूनच येतात. आम्ही त्यांना फिजिओथेरपीला पाठवतो. बऱ्याच जणी एकदा जातात आणि सोडून देतात. "ताई, तिथं जाऊन दुखणं वाढलं," म्हणतात.

नर्स म्हणून इतकी वर्षं काम केल्यावर आम्ही सांगतो, व्यायामानंतर एक-दोन दिवस अंग ठणकलं तर घाबरू नका. आखडलेले स्नायू कामाला लागले की ठणकतात. सोसवेल इतक्या गरम पाण्याच्या पिशवीनं १५ मिनिटं शेका. थोडं चाला, अंथरूण धरू नका. फिजिओथेरपिस्टना दुखणं सांगा, ते व्यायाम हलका करून देतात. दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेऊ नका. त्यानं पोटात जखम होते, मूत्रपिंडं बिघडतात.

मात्र हातापायाची ताकद कमी होत असेल, मुंग्या वाढत असतील, लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हे सगळं बायांना पटतं. पण खाडा केला की मजुरी बुडते आणि उक्त्या कामात थांबायची सोय नसते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यातल्या कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. बागेतल्या बाईपर्यंत तो कायदा पोहोचलाच नाही. म्हणून आमचं म्हणणं आहे, दर तासाला पाच मिनिटं हात खाली, मान सैल, आणि उपचाराच्या दिवशी दोन तासांची सवलत, हे टोळीनं मिळून मागावं. एकटीनं मागितलं तर मुकादम दुसरी बाई बघतो.

विश्रांती मागणं म्हणजे कामचुकारपणा, असं अजून आपल्याच माणसांना वाटतं. सेख सुत्तात आहे, कपिलवस्तूत पाठ दुखू लागली तेव्हा तथागतांनी पुढचा उपदेश आनंदांवर सोपवला आणि ते आडवे झाले. तथागतांना पाठ टेकायला संकोच वाटला नाही, मग आपल्या बायांनी का वाटून घ्यावा?

जय भीम!