पानांचा हिशेब, जीबीचा हिशेब
सदर : तालीम आणि तरुणाई



मुलाचा किंवा मुलीचा कॉलेजमध्ये प्रवेश व्हायचा असतो तेव्हा घरातली मोठी माणसे फी किती, वसतिगृह कुठे, स्कॉलरशिपचा फॉर्म कधी भरायचा, कोणते दाखले लागणार, याची बारकाईने चौकशी करतात. हे योग्यच आहे. पण प्रवेशानंतर विद्यार्थ्याच्या हाती आणखी एक गोष्ट येते आणि तिच्याबद्दल घरात कोणी विचारत नाही. ती म्हणजे विद्यापीठाचा ईमेल आयडी आणि त्यासोबत फाइली ठेवण्यासाठी मिळणारी जागा. काही विद्यापीठांत, विशेषतः परदेशात, ठरावीक पानांची छपाईही मिळते. दोन्हींना मर्यादा असते आणि बहुतेकांना ती सबमिशनच्या आदल्या रात्रीच कळते. फाइल चढत नाही, प्रिंट निघत नाही आणि पडद्यावर कोटा संपल्याची सूचना येते.

घरात लॅपटॉप, प्रिंटर आणि चांगले इंटरनेट असेल तर अशा वेळी कसेबसे निभावते. पण ज्याच्याकडे एक मोबाईल आणि विद्यापीठाची लॅब एवढेच आहे, त्याचे काम तिथेच अडते. आपल्यातली कितीतरी मुले-मुली घराण्यातली पहिली पदवी घेत आहेत. त्यांची अनेक महिन्यांची मेहनत एका रात्रीत अडकू नये, म्हणून आज हा विषय.

जागा कमी का झाली?

काही वर्षांपूर्वी गुगल शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा देत असे. फेब्रुवारी २०२१मध्ये कंपनीने ही सवलत बंद करण्याची घोषणा केली. आधीपासून सेवा घेणाऱ्या संस्थांना नवा नियम जुलै २०२२पासून लागू झाला. त्या नियमानुसार पूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी जागा मिळते आणि जास्त हवी असेल तर पैसे मोजावे लागतात. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण २०,००० विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी असलेल्या विद्यापीठात वाटणी केली तर माणशी सुमारे ५ जीबीच येते. त्यामुळे पूर्वी मोकळा हात असलेल्या अनेक संस्थांनी प्रत्येक खात्याला मर्यादा घातली.

घरच्या खात्याची गोष्टही वेगळी नाही. गुगलच्या साध्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि जीमेल, ड्राइव्ह व फोटो या तिघांचा संसार त्यातच चालतो. १ जून २०२१पासून नव्याने चढवलेले फोटोही या हिशेबात धरले जातात. हे १५ जीबी भरले की नवे मेल येणे थांबते. स्कॉलरशिपच्या त्रुटीची सूचना किंवा मुलाखतीचे बोलावणे त्याच खात्यावर येणार असेल, तर नुकसान किती मोठे होऊ शकते ते वेगळे सांगायला नको.

जागा भरते कशाने?

अभ्यासाने जागा फारशी भरत नाही. चित्रे नसलेली शंभर पानांची टाइप केलेली फाइल एक एमबीच्या आतच बसते. जागा खातो तो व्हिडिओ. मोबाईलवर काढलेला चांगल्या दर्जाचा व्हिडिओ मिनिटाला साधारण १०० एमबी घेतो, म्हणजे दहा मिनिटांत एक जीबी गेला. दुसरा क्रमांक पानापानाच्या फोटोंचा. ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या एखाद्या प्रकरणाचे कॅमेऱ्याने पन्नास फोटो काढले, तर एका फोटोला ३ एमबी धरून १५० एमबी होतात. तीच पाने मोबाईलमधल्या स्कॅनर ॲपने कृष्णधवल पीडीएफ केली तर फाइल कितीतरी लहान होते आणि वाचायलाही सोपी जाते.

जागा मोकळी करताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ड्राइव्हमधली फाइल डिलीट केली की ती कचरापेटीत जाते आणि तिथे असेपर्यंत मोजली जाते. तीस दिवसांनी ती आपोआप जाते, पण जागा आज हवी असेल तर पेटी स्वतः रिकामी करावी लागते. दुसरी, दुसऱ्याने तुमच्याशी शेअर केलेली फाइल तुमच्या जागेत मोजली जात नाही, मालकाच्या जागेत मोजली जाते. म्हणून सरांनी किंवा मैत्रिणीने पाठवलेल्या नोट्सची उगाच प्रत करून ठेवू नका. मात्र मूळ मालकाने ती काढली तर तुमच्याकडूनही जाईल, हेही ध्यानात असू द्या. तिसरी, ड्राइव्हच्या स्टोरेज पानावर फाइली आकारानुसार लावता येतात. वरच्या दहा फाइली पाहिल्या की रोगाचे निदान होते.

पान वाचवण्याचे गणित

परदेशातल्या अनेक विद्यापीठांत छपाईसाठी खास सॉफ्टवेअर असते. विद्यार्थी लॅबच्या संगणकावरून किंवा स्वतःच्या लॅपटॉपवरून फाइल पाठवतो, यंत्र पाने मोजते, आणि विद्यार्थ्याने प्रिंटरजवळ जाऊन ओळखपत्र लावले की छपाई होते व तेवढी रक्कम खात्यातून वजा होते. रंगीत पानाला काळ्या-पांढऱ्या पानापेक्षा जास्त पैसे पडतात. कागद अडकला किंवा शाई फिकट आली तर पैसे परत मागण्याची सोय बहुधा असते, पण मागितल्याशिवाय ते मिळत नाहीत. जर्मनी, इंग्लंड किंवा अमेरिकेत शिकायला निघालेल्या मुलांनी हे नियम पहिल्याच आठवड्यात वाचून घ्यावेत.

आता थोडे गणित. पाच विषय, प्रत्येकाची बारा व्याख्याने आणि प्रत्येक व्याख्यानाच्या चाळीस स्लाइड धरल्या तर एका सेमिस्टरच्या २,४०० स्लाइड होतात. एका कागदावर एक स्लाइड छापली तर २,४०० कागद लागतील. ८० जीएसएमच्या ए-फोर कागदाचे वजन ५ ग्रॅम असते, म्हणजे हे १२ किलो कागद झाले. त्याच स्लाइड एका बाजूला चार अशा पाठपोट छापल्या तर ३०० कागद पुरतात, वजन दीड किलो. अभ्यास तेवढाच होतो. छापण्याआधी प्रिव्ह्यू पाहणे, हवी तेवढीच पाने निवडणे आणि गडद पार्श्वभूमीच्या स्लाइड साध्या करून घेणे, एवढ्या सवयींनी अर्धा कोटा वाचतो.

झेरॉक्सच्या दुकानात

आपल्याकडे मात्र बहुतेक छपाई कॉलेजच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातच होते. इथे कोटा ठरवतो तो आपला खिसा. जर्नल, प्रोजेक्ट, स्पायरल, काळे बाइंडिंग आणि सोनेरी अक्षरे, सगळ्यांची गर्दी एकाच आठवड्यात होते. म्हणून काही गोष्टी आधीच सांभाळा.

फाइल नेहमी पीडीएफ करून न्या. मराठीचा फॉन्ट दुकानातल्या संगणकावर नसेल तर जोडाक्षरे मोडतात. उर्दूचे तर विचारूच नका. इनपेजची फाइल साध्या दुकानात उघडत नाही आणि नस्तालीक फॉन्ट नसला की सगळा मजकूर भलत्याच वळणात दिसतो. उर्दूत बी.ए., एम.ए. करणाऱ्यांनी घरूनच पीडीएफ करून न्यावी.

दुकानाच्या संगणकावर स्वतःचे ईमेल किंवा व्हॉट्सॲप उघडले असेल तर काम झाल्यावर लॉग आउट करा. आधार कार्ड, मार्कशीट, फोटो तिथे उतरवले असतील तर ते डिलीट करायला सांगा आणि कचरापेटीही रिकामी करून घ्या. पेन ड्राइव्ह नेणार असाल तर त्यात फक्त छापायची फाइल ठेवा, घरातले फोटो नकोत. अशा पेन ड्राइव्हबरोबर व्हायरसही घरी येतो, म्हणून प्रोजेक्टची एकमेव प्रत त्यात कधीच ठेवू नका.

ही अमानत आहे

विद्यापीठाची जागा आणि छपाई ही सगळ्या विद्यार्थ्यांच्या सामाईक हिश्शातून मिळते. माझ्या खात्यात साठवलेले सिनेमे दुसऱ्या कुणाच्या तरी संशोधनाची जागा अडवतात. अमानत तिच्या हक्कदारापर्यंत पोहोचवण्याची ताकीद सूरह अन्-निसामध्ये आहे, आणि वुजू करताना पाणी वाया घालवू नये ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाण्याच्या बाबतीत जे इसराफ, ते कागदाच्या आणि विजेच्या बाबतीत वेगळे कसे असेल?

एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगायला हवी. मित्राचा कोटा संपला म्हणून त्याला आपला पासवर्ड देणे ही मदत नव्हे. त्या खात्यावरून जे काही होईल त्याचा जाब नोंदीतले नाव असलेल्या विद्यार्थ्यालाच द्यावा लागतो. अडलेल्याला खरी मदत करायची तर त्याच्यासोबत लॅबच्या अधिकाऱ्याकडे जा. जास्तीचा कोटा मागण्याची सोय अनेक ठिकाणी असते, फक्त अर्ज वेळेवर हवा. आणि पाठपोट प्रोजेक्ट चालेल का, ईमेलने दिला तर चालेल का, हे शिक्षकांना विचारायला संकोच कशाला? यूजीसीच्या नियमांनुसार पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत इन्फ्लिबनेटकडे द्यावी लागते आणि ती ‘शोधगंगा’वर सर्वांना वाचता येते. मग पंचवीस पानांचा पदवीचा प्रोजेक्ट कागदावर एकाच बाजूने छापलाच पाहिजे, हा हट्ट तपासून पाहायला हरकत नसावी.

पदवी मिळाली, खाते गेले

सर्वांत मोठा धोका शेवटी येतो. विद्यापीठाचे खाते विद्यापीठाचे असते, आपले नव्हे. शिक्षण संपल्यानंतर काही काळाने अनेक संस्था ते बंद करतात आणि त्यासोबत प्रोजेक्ट, शिफारसपत्रे, जुने मेल सगळे जाते. म्हणून शेवटच्या सेमिस्टरमध्येच ‘गुगल टेकआउट’ने सगळा मजकूर उतरवून घ्या. संस्थेने परवानगी दिली असेल तर तो सरळ आपल्या खासगी गुगल खात्यावरही हलवता येतो. नोकरीचे अर्ज, पासपोर्ट, बँक यांसाठी विद्यापीठाचा ईमेल देऊ नका. खासगी खातेही अधूनमधून वापरत राहा, कारण दोन वर्षे न उघडलेली खाती गुगल बंद करू शकते. डिजिलॉकरमध्ये मोफत १ जीबी जागा मिळते आणि विद्यापीठाने तिथे दिलेली मार्कशीट कायद्याने मूळ कागदपत्रासारखीच मानली जाते. दरवेळी तिची रंगीत प्रत काढायची गरज उरत नाही.

महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकात किंवा मोबाईलमध्ये, एक ऑनलाइन खात्यात, आणि एक पेन ड्राइव्हमध्ये घरच्या कपाटात. ही तिसरी प्रत दुकानात न्यायची नाही.

शेवटी मोठ्यांसाठी एक सूचना. मोहल्ल्यातल्या अंजुमनच्या किंवा मशिदीच्या अभ्यासिकेत एक साधा लेझर प्रिंटर आणि एक संगणक ठेवता येईल. खर्चापुरते पैसे घेऊन छपाई झाली, तर रात्री उशिरा झेरॉक्सच्या दुकानात जाऊ न शकणाऱ्या मुलींची मोठी सोय होईल. एखाद्या कुटुंबाने मर्हूम अब्बा-अम्मीच्या नावाने सदका-ए-जारिया म्हणून तो प्रिंटर द्यावा आणि अभ्यासिकेने वर्षभराच्या कागदाची जबाबदारी घ्यावी. या सेमिस्टरची सबमिशन सुरू होण्याआधी हे झाले तर उत्तम.

अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये आणि मेहनतीत बरकत देवो. आमीन.