पळणाऱ्याच्या पायात फुकटचे सल्ले



या अंकासाठी खोडव्यातील पाचट कुजविण्यावर चार शब्द लिहून देतो, असे मी संपादक मंडळाला कबूल केले होते. ते पुढच्या खेपेस. आज पळण्याविषयी लिहितो. हसू नका. पहाटे मोटार चालू करायला शेतात निघालात की डांबरी रस्त्यावर दोन-चार पोरे पळताना दिसतातच. कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी सैन्यासाठी, आणि आता मॅरेथॉनसाठीही. पुण्याची मॅरेथॉन 1983 साली सुरू झाली, मुंबईची 2004 साली, साताऱ्याच्या घाटातली अर्धी मॅरेथॉन 2012 साली. आता हे वेड गावोगाव पोचले आहे. पळणारे वाढले तसे सल्ला देणारे त्याहून वाढले. मी त्या दुसऱ्या जातीतला. जन्मात कधी बस चुकली तरी पळालो नाही, पण कसे पळावे हे मला पक्के ठाऊक होते.

माझी बहीण अलिबागजवळ नागावला दिली आहे. तिकडे आपल्यासारखा ऊस नाही. नारळ-सुपारीच्या वाड्या, भातखाचरे आणि समोर समुद्र. ऊस दिसतो तो रसाच्या गाड्यावर. गाळप आटोपले की मी चार दिवस तिकडे जाऊन येतो. मागे असाच मे महिन्यात गेलो, तर भाच्याने जाहीर केले, "मामा, मी मॅरेथॉन पळणार." मॅरेथॉन म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटर. त्या रस्त्याच्या मापाने सांगायचे तर अलिबागहून मुरूडच्या दिशेने निघालात, नागाव, चौल, रेवदंडा मागे टाकले, पूल ओलांडला, कोर्लई गेली, चढउतार पार करून काशीद गेले, आणि मुरूड अजून यायचे आहे, तिथवर. एका दमात.

संध्याकाळी पडवीत मंडळ बसले. भाऊजी, शेजारचे आबा, एक निवृत्त मास्तर आणि मी. एकाही सभासदाला पळण्याचा अनुभव नसल्याने चर्चा फार मोकळेपणाने झाली. आबा म्हणाले, साखर आजपासून बंद, साखरेने माणूस जड होतो. मास्तर म्हणाले, पहाटेच्या गारव्यात पळण्यात काय पुरुषार्थ, भर उन्हात पळ, म्हणजे शर्यतीच्या दिवशी ऊन लागणारच नाही. भाऊजींचे मत पडले की सुरुवातीलाच सुसाट सुटावे, पुढची सगळी मागे पडली की मग निवांत चालत गेले तरी चालते. बूट कोरे करकरीत हवेत, जुन्याची उसळी गेलेली असते. आदल्या रात्री मटण हवेच. गुडघा दुखला तर थांबू नये, कारण दुखणे पळून पळूनच जाते. आणि शेवटी मी, घाटावरचा मामा म्हणून मान असलेला, म्हणालो, "पळताना पाण्याचा थेंब घेऊ नकोस रे. पोटात टोचतं."

पोरगं आज्ञाधारक. हाच त्याचा दोष.

तिसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात नवे बूट घालून तो कोर्लईपर्यंत जाऊन यायला निघाला. जाऊन-येऊन 20-25 किलोमीटर. परतताना साळावच्या पुलाशी त्याचे पाय लटपटले, अंगावर शहारे आले आणि तो कठड्याला टेकून बसला. मासे विकून परतणाऱ्या एका कोळीणबाईंनी त्याला सावलीत ओढले, डोक्यावर पाणी ओतले आणि शेजारच्या टपरीवरून पाण्यात मीठ-साखर घालून घोट-घोट पाजले. तो शुद्धीवर होता म्हणून हे चालले. माणूस बरळू लागला, अडखळू लागला, हाक मारली तर ओ देईना, तर तोंडात काही ओतायचे नाही. अंगभर पाणी ओतायचे, वारा घालायचा आणि तडक दवाखाना गाठायचा, हे त्या दिवशी डॉक्टरांकडून शिकलो.

संध्याकाळी पडवी सुनी होती. आबा आले नाहीत, मास्तरांना अचानक पुतण्याची आठवण झाली. बहीण चहाचा कप माझ्यापुढे आपटून म्हणाली, "दादा, तुझा बैल तू असा पळवला असतास का रे?"

मंडळी, हा प्रश्न मी अजून घेऊन बसलोय. अलिबागच्या किनाऱ्याला बैलगाडी शर्यतीचा नाद फार जुना. 2014 साली न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळाली, आणि मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने आपल्या राज्याचा कायदा उचलून धरला. त्या शर्यतवाल्यांना विचारा, किंवा तुमच्याच गावच्या गाडीवानाला विचारा. पत्री मारून त्याच दिवशी बैल लांब पल्ल्याला कोण जुंपतो? भरल्या पोटी कोण पळवतो? भर उन्हात गाडी सोडून सावली बघतोच ना आपण? लंगडला तर "दुखणं पळून जाईल" म्हणतो का? नव्या खोंडाला पहिल्याच दिवशी उसाची भरलेली गाडी लावत नाही. आधी मोकळी गाडी, मग थोडे ओझे, मग जास्त. बेंदराला त्याची खांदेमळणी करतो. आणि घरच्या पोराला मात्र कोरे बूट, रिकामी बाटली आणि भाषण.

आपल्यासारखे मूर्ख पूर्वीही होते, एवढाच दिलासा. 1904 सालची अमेरिकेतल्या सेंट लुईसची ऑलिंपिक मॅरेथॉन घ्या. धुळीचा रस्ता, कडक उन्हाळा, आणि आयोजकांनी पाणी जाणूनबुजून जवळजवळ मिळूच दिले नाही. बिनपाण्याचा माणूस कसा पळतो ते त्यांना बघायचे होते. 32 जण सुटले, 14 पोचले. थॉमस हिक्स नावाचा गडी पाणी मागत होता, त्याच्या सल्लागारांनी त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकातून स्ट्रिक्नीन पाजले आणि वर ब्रँडी. स्ट्रिक्नीन म्हणजे कुचल्याच्या बियांतले विष, कोकणात ज्याला काजरा म्हणतात तेच झाड. गडी भ्रमात गेला, शेवटी आधार देऊन त्याला रेघेपार नेले आणि सोन्याचे पदक दिले. त्याच्याआधी मैदानात पोचलेला फ्रेड लॉर्झ वाटेत मोटारगाडीत बसून आला होता, ते उघडकीला आले. क्यूबाच्या एका पोस्टमनने वाटेत बागेतली सफरचंदे खाल्ली, पोट दुखले म्हणून झोप काढली, आणि उठून चौथा आला. मला वाटते सगळ्यांत शहाणा तोच, कारण त्याच्याबरोबर सल्लागार नव्हता.

माझ्या सल्ल्यात आणखी एक खोट होती. आपल्याकडची हवा कोरडी. घाम येतो, वाऱ्यावर सुकतो आणि अंग गार होते. किनाऱ्याची हवा आधीच ओली, तिथे घाम नुसता गळतो, सुकत नाही, आणि अंगातली उष्णता अंगातच राहते. तिथे पहाटे पळायचे ते भित्रेपणा म्हणून नव्हे. आता पाणी प्यावे म्हटले म्हणून कोणी घागर रिचवू नये. 2002 सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 जणांचे रक्त तपासले, त्यांतल्या 13 टक्क्यांच्या रक्तातले मीठ घसरलेले निघाले. त्याचे मुख्य कारण पाणी फार पिणे. अति पाण्याने ऊसही पिवळा पडतो, हे आपल्याला सांगायला नको. तहान लागेल तसे घोटभर, एवढेच.

आता साखरेचे बोलू. साखर कारखान्याच्या पत्रिकेत साखरेची बाजू मांडली म्हणून कोणी नाक मुरडेल, मुरडो. बसून खाणाऱ्याने आणि मधुमेहवाल्याने साखर आवरलीच पाहिजे. पण लांब पळणारा वेगळा. त्याच्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, तो साधारण 30 किलोमीटरच्या आसपास संपत येतो. म्हणजे अलिबागहून निघालेला काशीदच्या सुमारास. बगॅस कमी पडले की बॉयलरची वाफ कशी उतरते आणि मिल कशी मंदावते, ते आपण पाहिले आहे. माणसाचे तेच होते. म्हणून पळणारे वाटेत थोडे-थोडे गोड घेतात. शिवाय आतड्यात साखर असली की मीठ आणि पाणी लवकर शोषले जाते. डॉक्टर दिलीप महालनोबीस यांनी 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत याच मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे हजारो रोगी वाचवले. एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कोळीणबाईंना हे कोणी शिकवले माहीत नाही, पण आबांपेक्षा त्यांचे शास्त्र पक्के होते.

कोणी म्हणेल, आमच्या वेळी हे लाड नव्हते, अनवाणी पळायचो. खरे आहे. 1919 च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत शेतकऱ्यांची पोरे अनवाणी पळताना पाहूनच दोराबजी टाटांनी संघ ऑलिंपिकला पाठवायचे मनावर घेतले. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्पला मॅरेथॉन पळाले, 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत, एकोणिसावे आले. आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच अंतर होते ते. पण चौगुले पडवीतल्या सल्ल्यावर नव्हे, वर्षांच्या सरावावर पळाले.

हा विषय मी गमतीत काढला, पण गंमत नाही. जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावताना काही तरण्याताठ्या उमेदवारांचे प्राण गेले. ती आपल्यासारख्यांच्याच घरची पोरे. भरतीची जाहिरात निघाली की महिनाभरात पोरगे तयार करायला निघणारे बाप आपल्या गटातही आहेत. त्यांनी तीन-चार महिने आधी सुरुवात करू द्यावी, एकदा डॉक्टरांना छाती दाखवावी, आणि पहाटे त्याच्यामागे सायकलवर पाण्याची बाटली घेऊन जावे.

भाचा पुन्हा पळू लागला आहे. पहाटे पाचला निघतो, जुन्याच बुटांत. या हिवाळ्यात तो नागाव ते काशीद पळणार आहे, आणि मलाही काम लावून दिले आहे. साळावच्या पुलावर मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली घेऊन उभे राहायचे आणि तोंड उघडायचे नाही.