डिझेल ट्रकचे प्रेशर गेज: आधी जागा, मग तबकडी

डिझेल ट्रकच्या इंधनमार्गाचे दोन भाग पडतात. टाकीतून निघालेले डिझेल फीड पंप आणि फिल्टर ओलांडून उच्चदाब पंपाच्या तोंडाशी येते, तिथपर्यंतचा भाग कमी दाबाचा. तिथून पुढे रेल आणि इंजेक्टर. कॉमन रेल इंजिनात या पुढच्या भागातला दाब आयडलला काहीशे बार असतो आणि पूर्ण लोडला १६०० ते २००० बारच्या घरात जातो. बाजारात ‘फ्युएल प्रेशर गेज’ म्हणून जे विकले जाते ते फक्त पहिल्या भागासाठी असते. रेलचा दाब मोजायला रेलवरचाच सेन्सर असतो. तिथे काटेवाले गेज लावण्याचा विचारही करू नये.

देहू-आळंदी रस्त्यालगत तळवड्यात आणि पुढे निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात चाकणच्या कारखान्यांचा माल वाहणाऱ्या गाड्या दुरुस्तीला येतात. अशा गॅरेजांतून गेजबद्दल जी मते ऐकू येतात, त्यांतले सर्वांत वजनदार मत हे: १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले, गाडीत ईसीयू आहे, स्कॅनर जोडला की रेल प्रेशर स्क्रीनवर दिसते, मग वेगळे गेज कशाला? स्कॅनर खोटे बोलत नाही, हे खरे. पण तो दाखवतो ते फळ. कारण त्याच्या नजरेआड राहते. फिल्टर चोक होऊ लागला की पंपाच्या तोंडाशी येणारा दाब उतरतो. ईसीयू मीटरिंग व्हॉल्व्ह जास्त उघडून रेलचा दाब सांभाळून घेते आणि स्क्रीनवर आकडा जागचा हलत नाही. ही सांभाळासांभाळी संपते ती लोड घेऊन घाट चढताना. रेलचा दाब कोसळतो, पी००८७ हा कोड येतो, गाडी पिकअप सोडते आणि संशय थेट पंपावर किंवा नोझलवर जातो. यातला खर्चाचा भाग असा की बहुतेक कॉमन रेल इंजिनांत उच्चदाब पंपाचे वंगण म्हणजे त्यातून वाहणारे डिझेलच. उपाशी पंप झिजतो, त्याचा चुरा रेल आणि इंजेक्टरमध्ये उतरतो, आणि काहीशे रुपयांच्या फिल्टरपायी लाखाच्या आसपासचे बिल होऊ शकते. काही बीएस-६ इंजिनांत कमी दाबाच्या बाजूलाही सेन्सर असतो. तिथे स्कॅनरवाल्यांचे म्हणणे मान्य करावे लागते; गेजचे काम त्या सेन्सरची खातरजमा करण्यापुरते उरते.

दुसरे मत जुन्या मिस्त्रींचे. बँजो बोल्ट सैल करायचा, हँड प्रायमर मारायचा, धार जोरात आली आणि बुडबुडे नसले की पुरवठा ठीक. मायकोच्या इनलाइन पंपांच्या काळात ही परीक्षा चुकीची नव्हती. तिथे फीड पंपाचा दाब साधारण १ ते २.५ बार असे, आणि डिझेलने हवा धरली आहे की नाही हाच मुख्य प्रश्न असे. हवा शोधायला ही रीत आजही उपयोगी आहे. पण उघड्या तोंडातून पडणाऱ्या धारेपुढे कुठलाच अडथळा नसतो, म्हणून ती दाबाबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय सवयीने हाच पाना चालू इंजिनाच्या रेलपाइपवर गेला तर डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेर टोचल्याएवढी खूण दिसते, आत मात्र शस्त्रक्रियेची वेळ येते.

तिसरे मत दुकानाच्या काउंटरवर हमखास ऐकू येते: मोठ्या रेंजचे गेज घ्या, फुटणार नाही. गेजची अचूकता पूर्ण स्केलच्या टक्केवारीत सांगितली जाते, हे इथे विसरले जाते. १.६ वर्गाचे ०-१० बारचे गेज ०.१६ बारपर्यंत चुकू शकते. २.५ वर्गाचे ०-४० बारचे गेज तब्बल १ बारने चुकू शकते, आणि चोक होऊ लागलेल्या फिल्टरने पाडलेला फरकही बहुधा एवढाच असतो. म्हणजे जे शोधायचे तेच गेजच्या चुकीत बुडून जाते. तराजू सोनाराचा हवा असताना लाकडाच्या वखारीतला आणावा, तसे हे आहे.

पेट्रोल गाड्यांची टेस्ट किट डिझेलला चालते, हेही अर्धेच खरे. रेंज पुष्कळदा जुळते. जोडण्या जुळत नाहीत, आणि पेट्रोल रेलवरच्या टायरसारख्या व्हॉल्व्हची जागा डिझेल ट्रकवर नसते.

म्हणून निवडीची सुरुवात तबकडीपासून न करता मोजण्याच्या जागेपासून करावी लागते. अनेक ट्रकांत फीड पंप उच्चदाब पंपाच्या पाठीलाच बसवलेला असतो. तिथे टाकीपासून त्या पंपापर्यंतची सारी नळी ओढीवर चालते. तिच्यात दाब नसतो, व्हॅक्यूम असतो. या जागी ०-१० बारचे गेज लावले तर काटा शून्यावर बसून राहतो आणि फीड पंप गेला असा निष्कर्ष निघतो. तिथे शून्याच्या दोन्ही बाजूंना स्केल असलेले कंपाउंड गेज हवे. फीड पंपानंतर साधे प्रेशर गेज चालते, आणि एकच जागा निवडायची तर ती फिल्टरनंतरची, पंपाच्या तोंडाजवळची. पंपाला प्रत्यक्ष मिळते ते तिथेच कळते.

रेंज ठरवताना सर्व्हिस मॅन्युअलमधला कमाल दाब घ्यावा. फीड पंपाचा दाब धडधडता असतो, आणि अशा दाबासाठी तो स्केलच्या ६५ टक्क्यांच्या आत राहावा असा संकेत आहे. ६ बारला ०-१०, ९ बारला ०-१६. गॅरेजात बोलायचा ‘किलो’ म्हणजे ०.९८ बार, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही. पीएसआयचा आकडा मात्र १४.५ ने भागल्याशिवाय ताडून पाहू नये. गेजच्या आतली वाकडी नळी अजून १८४९ साली बूर्दाँने जिचे पेटंट घेतले तीच आहे, आणि धडधडीने तिला जोडलेल्या चक्रांचे दाते झिजतात. ग्लिसरीन भरलेले गेज काटा स्थिर ठेवते आणि दात्यांना वंगण देते. त्याने अचूकता मात्र वाढत नाही, जरी किंमत तशी सांगितली जाते.

जोडणी हा दुर्लक्षित भाग. पाव इंच बीएसपीला इंचात १९ आटे, एनपीटीला १८; एकाचे आटे दुसऱ्यात दोन-तीन फेरे बसतात आणि मग गळते. ट्रकवरचे बँजो बहुधा मेट्रिक असतात, तेव्हा योग्य ॲडॅप्टर आणि तांब्याचा किंवा डाऊटी वॉशर घ्यावा. टेफ्लॉन टेप टाळावी. तिचे तंतू फिल्टरनंतरच्या जागेवरून थेट पंपात जातात.

केबिनमध्ये गेज हवेच असेल तर इलेक्ट्रिक सेंडरचे घ्यावे आणि ते गाडीच्या २४ किंवा १२ व्होल्टला जुळते का हे पाहावे. डिझेलची नळी केबिनमध्ये आणणे धोक्याचे: भारतीय मानकात डिझेलचा प्रज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस एवढाच आहे. ताफा लहान असेल तर प्रत्येक गाडीला गेज लावण्यापेक्षा गॅरेजात एक चांगले गेज, एक कंपाउंड गेज आणि टी-जोडण्यांचा संच ठेवणे शहाणपणाचे. गाडीत कायमचा बदल होत नसल्याने वॉरंटीचा वादही उरत नाही. कॅलिब्रेशन वर्षातून एकदा. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत ऑडिटसाठी प्रत्येक गेजवर कॅलिब्रेशनचा स्टिकर लागतो. चाकणच्या पट्ट्यातल्या गॅरेजांतली गेजेही तिथल्या प्रयोगशाळांत तपासून मिळू शकतात, फक्त ती सहसा कोणी नेत नाही.

वाचन आयडलला, चढ्या आरपीएमला आणि शक्य तर लोडवर घ्यावे. फिल्टरआधी दाब चांगला आणि नंतर कमी, तर फिल्टर चोक. दोन्हीकडे कमी आणि ओढीच्या नळीत व्हॅक्यूम जास्त, तर टाकीतली जाळी, प्री-फिल्टर किंवा दबलेली नळी. व्हॅक्यूम कमी आणि पारदर्शक नळीत बुडबुडे, तर हवा कुठून तरी शिरते आहे. बुडबुडे नसून दाब कमी आणि व्हॅक्यूमही वाढलेला नसला तर फीड पंप झिजला आहे किंवा ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे, आणि उच्चदाब पंप खोलण्याआधी ही दोन्ही ठिकाणे पाहावीत.