मृत्यूच्या दाव्यातील पहिला आकडा

मोटार अपघातातील मृत्यूच्या दाव्यात नुकसानभरपाईचे गणित आता जवळजवळ ठरून गेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा प्रकरणात वयानुसार गुणक आणि अवलंबितांच्या संख्येनुसार वैयक्तिक खर्चाची वजावट निश्चित केली. २०१७ मध्ये प्रणय सेठी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती चौकट कायम ठेवली आणि भविष्यातील उत्पन्नवाढ, सहवासहानी, संपदाहानी व अंत्यसंस्कार यांची प्रमाणेही बांधून दिली. युक्तिवादाच्या कौशल्याला तिथे फारसा वाव नाही. वाव उरला आहे तो मासिक उत्पन्नाच्या पहिल्या आकड्यात, आणि पुष्कळ अर्जांत नेमका तोच आकडा अंदाजाने भरलेला असतो.

समजा, ३४ वर्षांचा एक वेल्डर अपघातात गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि आई आहे. गुणक १६, चार अवलंबित असल्याने वजावट एक चतुर्थांश, स्वयंरोजगार आणि चाळिशीच्या आतले वय म्हणून ४० टक्के वाढ. मासिक उत्पन्न १८,००० रुपये सिद्ध झाले तर अवलंबित्वाची हानी ३६,२८,८०० रुपये होते. पुराव्याअभावी न्यायाधिकरणाने १२,००० धरले तर ती २४,१९,२०० वर येते. म्हणजे सिद्ध न झालेला दरमहा एक हजार रुपया या कुटुंबाला २,०१,६०० रुपयांना पडतो. अपिलात गुणकाची चूक दुरुस्त होऊ शकते. साक्षीपुराव्यात न आलेले उत्पन्न तिथे नव्याने आणणे फार अवघड.

पगारदाराच्या दाव्यात फॉर्म १६, वेतनचिठ्ठी आणि आस्थापनेचा साक्षीदार एवढ्यावर काम भागते. खरी मेहनत असते ती बिनपावतीच्या उत्पन्नात. वेल्डरच्या दाव्यात मोबाइलवरून आलेल्या रकमांची बँकेतली नोंद, गॅस आणि रॉड पुरवणाऱ्या दुकानदाराची खातेवही, दुकानभाड्याचा करार, कर्जाचे नियमित गेलेले हप्ते यांतून उत्पन्न उभे राहते. हप्त्याचा पुरावा वकील सहसा विसरतात. दरमहा सात हजारांचा हप्ता न चुकता भरणाऱ्याचे उत्पन्न बारा हजार होते, असे विमा कंपनीला उलटतपासणीत सहज सुचवता येत नाही. पुरावा काटेकोर असावाच लागतो असेही नाही. शक्यतेचे पारडे कुठे झुकते एवढेच पाहायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने बिमला देवी प्रकरणात २००९ मध्येच सांगितले आहे. पण पारड्यात टाकायला काहीतरी लागते.

शेतकऱ्याच्या मृत्यूत विमा कंपनीचा बचाव ठरलेला: जमीन वारसांकडेच राहिली, मग नुकसान कसले? जमीन राहते आणि जाते ती देखरेख, ही भूमिका न्यायालयांनीही घेतलेली आहे. त्यामुळे नुसता सातबारा जोडून दावा वाढत नाही, उलट बचावाला आयता आधार मिळतो. नांगरट, पाणी, फवारणी, बाजार ही कामे मृत स्वतः करत होता का आणि ती आता मजुरीने करून घ्यायला काय खर्च येतो, हे सिद्ध करावे लागते. गावातला सालगड्याचा चालू दर साक्षीत आणला तर या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळते. दूध संस्थेची बिले आणि आडत्याच्या पट्ट्या जोडधंद्याचे उत्पन्न वेगळे दाखवतात. ऊसतोड मजुराच्या बाबतीत मुकादमाशी झालेला उचलीचा करार हाच बहुधा एकमेव कागद असतो. तो जोडप्याच्या कोयत्याचा असल्याने नवरा गेल्यावर पत्नीचेही काम मोडते, हे अर्जात स्पष्ट मांडायला हवे.

गृहिणीच्या श्रमाचे मोल लता वाधवा प्रकरणापासून (२००१) मान्य आहे, आणि कीर्ती प्रकरणाने (२०२१) काल्पनिक उत्पन्नावरही भविष्यातील वाढ लागू केली. तरीही अशा अर्जांत ‘मृत गृहिणी होती’ या एका ओळीपलीकडे काही नसते.

निष्काळजीपणाचा प्रश्न पोलिसांच्या कागदांवर ठरतो. मृत दुचाकीस्वारावरच गुन्हा नोंदवला जाणे नवीन नाही, कारण घटनास्थळी जिवंत राहिलेल्याचाच जबाब आधी होतो. पण एफआयआर हा शेवटचा शब्द नव्हे. घटनास्थळ पंचनामा, कच्चा नकाशा, टायरच्या खुणा, धडक कोणत्या बाजूला बसली हे सारे स्वतंत्रपणे वाचावे लागते. जवळच्या पंपावरचे किंवा टोलनाक्यावरचे कॅमेऱ्याचे चित्रीकरण ठेवून घेण्याचा अर्ज पहिल्या काही दिवसांतच गेला पाहिजे, कारण जुने चित्रीकरण पुसले जाते. केंद्रीय नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत प्रथम आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, आणि न्यायाधिकरण पोलिसांचा अहवालच अर्ज मानू शकते. मात्र त्या अहवालात वेल्डरची खातेवही येणार नाही.

१ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत परत आली आहे. १९९४ च्या दुरुस्तीने ती गेली होती. या मुदतीच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले तरी त्या भरवशावर अर्ज लांबवणे शहाणपणाचे नाही, शिवाय व्याजही अर्जाच्या तारखेच्या आधीचे मिळत नाही. अपघात सांगलीत आणि कुटुंब बीडमध्ये असेल तर अर्ज बीडलाही चालतो. कलम १६४ मधील पाच लाख रुपये दोष सिद्ध न करता मिळतात, पण कलम १४९ च्या प्रक्रियेतून ते स्वीकारले की १६६ चा अर्ज संपतो. वरच्या उदाहरणातल्या पत्नीने ते घाईने घेतले तर काय गमावले, ते आकडेच सांगतात. आयुर्विमा, भविष्य निर्वाह निधी आणि कुटुंब निवृत्तिवेतन भरपाईतून वजा होत नाही, हे हेलन रिबेलो विरुद्ध महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ या निवाड्याने ठरले आहे. नोकरीच्या नियमांखाली वेतनाऐवजी मिळणाऱ्या अनुकंपा मदतीचा प्रश्न मात्र वेगळा. शशी शर्मा प्रकरणात (२०१६) तशी रक्कम वजा झाली.

अर्जदार कोण, यावरून घरातच फाटते. सून माहेरी गेलेली, सासू-सासरे वेगळे, आणि वकीलपत्रावर सही फक्त एका बाजूची, असे चित्र नेहमीचे आहे. कायदेशीर प्रतिनिधींपैकी अर्जात सामील न झालेल्यांना प्रतिवादी करणे कायद्यानेच आवश्यक आहे. वाटणीवर वाद असेल तर एकाच वकिलाने दोन्ही बाजू धरून ठेवू नयेत. तडजोडीच्या दिवशी त्याला एका पक्षकाराविरुद्ध बोलावे लागते.

शुल्काबाबत बार कौन्सिलचा नियम निःसंदिग्ध आहे: निकालावर अवलंबून असलेले शुल्क किंवा मिळणाऱ्या रकमेतला वाटा ठरवता येत नाही. हा नियम सर्रास मोडला जातो, हे बार रूममध्ये सर्वांना ठाऊक असते. टक्केवारीमुळेच गरिबाला वकील मिळतो, हे समर्थनही तिथेच ऐकू येते. ते टिकत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे, आणि मृत्यूच्या दाव्यातले अर्जदार बहुधा विधवा, मुले आणि आईच असतात. वकीलपत्रावर सही घेण्यापूर्वी हा हक्क त्यांना सांगितला गेला पाहिजे. लोकअदालतीतील निवाड्यावर अपील नाही, हेही तडजोडीच्या टेबलावर बसण्याआधी सांगायचे असते, आणि हिशेबाचा कागद त्या वेळी पक्षकाराच्या हातात असावा.

निवाड्यानंतरची रक्कम थेट अर्जदारांच्या बँक खात्यात जावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा अलीकडचा आग्रह आहे. अज्ञान मुलांचा हिस्सा मुदत ठेवीत राहतो. शाळेची फी किंवा आजारपण यांसाठी त्यातून रक्कम काढायची असेल तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. दावा निकाली निघाल्यावर असा अर्ज करणारे कोणी उरत नाही, म्हणून ठेव पावतीची मुदत, व्याज कोणाच्या खात्यात जाईल आणि मूल सज्ञान होण्याची तारीख यांची नोंद अंतिम आदेशातच मागून घ्यावी.