खाडीकाठी : होडी कुठे ठेवायची आणि कधीपर्यंत

आपल्या मंडळातल्या काही तरुण कुटुंबांनी अलीकडे लहान होड्या घेतल्या आहेत. कुणी मासे गरवायला, कुणी रविवारी मुलांना घेऊन नदीत फिरायला. मे महिना आला आणि अरबी समुद्रात काही शिजतंय अशी बातमी वाचली की त्यांचे मला फोन येतात, "काका, होडीचं काय करू?" प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा २०२१ साली तौक्ते वादळाच्या वेळी आमच्या घरात काय ठरलं आणि कसं ठरलं, तेच यावेळी लिहितो.

आमची होडी फायबरची, बावीस फुटी. थोरला चुलतभाऊ, म्हणजे दादा, आणि मी अशी दोघांची मिळून. पाऊस सोडला तर वर्षभर ती मांडवीच्या एका वळणावर नांगरलेली असते. ३१ मेपर्यंत वर काढायची, शाकारायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा पाण्यात लोटायची, हा वडिलांच्या वेळेपासूनचा शिरस्ता. त्या वर्षी तेरा मेला हवामान खात्याचा इशारा आला, तेव्हा होडी पाण्यातच होती. शाकारायला अजून दोन आठवडे होते.

घरात तीन मतं पडली.

दादाचं म्हणणं, आहे तिथेच राहू दे, फक्त दुसरा नांगर टाकू. या वळणाने चाळीस वर्षं पावसाळी वारं अडवलं आहे, हा त्याचा आधार. अनुभव खरा होता, पण तो नैऋत्येच्या वाऱ्याचा होता. आपल्याकडे चक्रीवादळाचं वारं घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतं. वादळ दक्षिणेकडून येऊन किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे निघालं, तर आपल्याला वारा आधी पूर्व-आग्नेयेकडून लागतो, मग दक्षिणेकडून आणि वादळ पुढे सरकलं की नैऋत्येकडून. म्हणजे आमचं वळण शेवटच्या टप्प्यात उपयोगी पडणार आणि पहिल्या टप्प्यात उघडं राहणार.

शिवाय दोराचा हिशेब होता. भाच्याने तो कागदावर मांडला. ओहोटीला पाणी ३ मीटर, त्यात भरतीचे २, वादळाने पाणी फुगेल त्याचा अंदाजे १ आणि होडीच्या पुढच्या टोकाची पाण्यावरची उंची १. एकूण ७ मीटर. नांगर तळाला नीट धरून राहायचा तर दोर याच्या निदान सातपट हवा, म्हणजे जवळपास ५० मीटर. एवढा दोर सोडला की वारा फिरेल तशी होडी ५० मीटरच्या वर्तुळात फिरणार आणि त्या वर्तुळात आणखी सहा होड्या होत्या. दोर आखडला तर नांगर उचकटणार, सोडला तर शेजाऱ्यावर आदळणार. दादा कागदाकडे बराच वेळ बघत राहिला.

भाच्याचं मत, वर खाडीत नेऊ. खारफुटीच्या आत लाटा पोचत नाहीत आणि झाडांच्या बुंध्यांना चारी बाजूंनी दोर बांधता येतात. हा उपाय चांगलाच आहे. पण मोठे ट्रॉलरही तिथेच आसरा घेतात. त्यातला एक जरी सुटला, तर आमच्यासारख्या होडीचा चुरा. आणि खाडीत बांधलेली होडी पाण्याबरोबर वर-खाली व्हायला हवी. दोर ताठ बांधला तर पाणी चढताना होडी खाली खेचली जाते, सैल बांधला तर ती झाडांवर आपटते. नेमका किती सोडायचा हे त्या जागेचं पाणी ओळखणारा माणूसच सांगू शकतो. आमच्यात तसा कुणी नव्हता.

माझं मत, वर काढू. अडचण एकच, माणसं. ही होडी ओढायला दहा-बारा जण लागतात आणि गोव्यात तेव्हा करोनाची संचारबंदी होती.

आई एवढा वेळ ऐकत होती. तिने होडीबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाली, "रात्री वारा वाढला की यातल्या कुठल्या ठिकाणी तुम्हाला पुन्हा जावंसं वाटेल, ते आधी सांगा." आम्ही गप्प. नदीत असती तर दादा नांगर बघायला गेला असता. खाडीत असती तर भाचा दोर सैल करायला गेला असता. "मग जिथे ठेवून परत बघायला जावं लागणार नाही, तिथे ठेवा," एवढं बोलून ती आत गेली.

शुक्रवारी, १४ मेला, अक्षय्य तृतीया होती. दुपारच्या भरतीला पाण्यानेच होडी जेवढी वर येईल तेवढी आणली आणि पुढचं काम शेजारच्या चार घरांतल्या माणसांनी ओंडक्यांवरून केलं. त्याच माणसांनी मिळून नंतर त्यांच्या दोन होड्या काढल्या. इंजिन उतरवून घरात ठेवलं. ताडपत्री, तिच्या काठ्या, जाळी, जे जे वारा धरेल ते सगळं काढलं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे एक फडफडती ताडपत्रीसुद्धा होडी उलटवायला पुरते. तळाचं बूच काढून ठेवलं, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. होडी जुन्या टायरांवर बसवली, आत वाळूच्या गोण्या टाकल्या आणि चारी कोपऱ्यांचे दोर जमिनीत खोल पुरलेल्या खुंटांना बांधले. दोर जिथे काठावर घासतो तिथे बागेच्या पाइपचे तुकडे चढवले, कारण दोर सहसा मधे तुटत नाही, घासतो तिथे तुटतो. माडांपासून मुद्दाम लांब ठेवली. वादळात माडाला बांधलेली होडी माडाबरोबरच जाते.

शनिवारी दुपारी बारानंतर कुणीही होडीकडे जायचं नाही, असं ठरलं. शनिवारी रात्री वारा सुटला तेव्हा दादाने दोनदा बॅटरी हातात घेतली. दोन्ही वेळा आईने ती मागून घेतली आणि उशाशी ठेवली.

रविवारी, १६ मेला, वादळ आमच्या किनाऱ्यापासून शंभरहून अधिक किलोमीटरवरून गेलं. तेवढ्यानेही झाडं आडवी झाली, विजेचे खांब पडले आणि गोव्यात माणसंही दगावली. आमच्या होडीवर आंब्याची एक फांदी पडली, काठाला चीर गेली. खाडीत नेलेल्या ओळखीच्या होड्याही सुखरूप राहिल्या, म्हणजे भाचाही चुकला नव्हता. त्याही शुक्रवारीच बांधून झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी हेच वादळ मुंबईसमोरच्या समुद्रातून जात असताना 'पी-३०५' नावाच्या तराफ्याचे नांगर सुटले. त्यावर २६१ माणसं होती. तराफा भरकटून संध्याकाळी बुडाला आणि साठहून अधिक माणसं परतली नाहीत. ती बातमी दूरदर्शनवर चालू असताना दादा उठून आईच्या खोलीत गेला. काय बोलला ते मला माहीत नाही.

तरुण मंडळींनो, अरबी समुद्रातली बहुतेक वादळं मे-जूनमध्ये किंवा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात. म्हणून या दोन्ही हंगामांआधी घरच्या सगळ्यांसमोर बसून एक कागद लिहा. होडी कुठे न्यायची, ओढायला कोण कोण येणार, त्यांचे फोन नंबर, दोर किती लागेल आणि भरती कधी आहे. हवामान खात्याचा चक्रीवादळाचा इशारा साधारण ४८ तास आधी येतो. त्यातली रात्र आणि ओहोटी वजा केली तर काम करायला दोन भरत्या मिळतात, फार तर तीन. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागल्यावर माणसं गोळा करायला निघालात, तर त्या वेळी प्रत्येकजण स्वतःच्याच होडीपाशी असतो.

कागदाच्या तळाशी एक वेळ लिहा, जिच्यानंतर कुणीही पाण्याकडे जाणार नाही. आणि बॅटरी कुणाच्या उशाशी राहील, त्या माणसाचं नावही तिथेच लिहून ठेवा.